वरखर्चातला माणूस

मी नळावर काचेच्या बाटल्या धूत होते. ऑफिसातले बाबू पायरीवरूनच म्हणाले, "अगं, आपला रशीद गेला." आणि चहा आला का विचारत आत निघून गेले. हातातली बाटली हातातच राहिली. मेल्यावर माणूस किती सहज आपला होतो... रशीदभाऊ जिवंत होते तेव्हा हेच बाबू कागद उलटून उलटून सांगत होते, की हा माणूस आपल्याकडे कुठेच बसत नाही. ती बातमी येऊन आता दीड महिना झाला.

आमचं केंद्र विद्यापीठाचं, आर्णीच्या थोडं बाहेर. तिथे जुन्या कपाशीचं आणि तुरीचं बियाणं जमवतात. केंद्र चालवणाऱ्या मॅडम पांढरकवड्याकडच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर जायच्या, म्हाताऱ्या बायांकडून मूठ मूठ बी आणायच्या, पाकिटावर त्या बाईचं नाव लिहायच्या आणि थंड खोलीत ठेवायच्या. त्या खोलीचं मशीन रशीदभाऊंच्या हातात होतं. आर्णीत त्यांचं मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. एका दिवसाच्या कामाला म्हणून आले ते अठरा वर्षं राहिले. मशीनला हात लावायच्या आधी ते डोळे मिटून नुसतं ऐकत. मी फरशी पुसायला गेले की म्हणत, "दरवाजा हळू लाव बाई, अंदर बुढ्या झोपून राह्यल्या." मी कोणाशी फारसं बोलत नाही. त्यावरून सगळे चिडवत, तेही चिडवत. "तुह्यापेक्षा हे मशीन जास्त बोलते. त्याले निदान काही दुखलं तं सांगते तरी." पण त्यांच्या चिडवण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आमचा पगार कुठून येतो ते मॅडमनी एकदा आम्हाला समजावून सांगितलं होतं. सरकार प्रयोगाला पैसे देतं, त्यातून खत, मजूर, काचसामान येतं. पण लाईटबिल, झाडलोट, पाणी, मशीनची निगा ही काही एका प्रयोगाची नसते, सगळ्यांची मिळून असते. त्यासाठी सरकार वरून एक हिस्सा देतं. त्याला वरखर्च म्हणतात. "तुम्ही दोघं त्या वरखर्चात," मॅडम म्हणाल्या. रशीदभाऊ हसले. "समजलं मॅडम. पंगत सगळ्यायले दिसते, चुलीतलं लाकूड कोणाले दिसत नाही."

घात केला तो त्या शब्दानेच, असं मला वाटतं. आपल्या घरी वरखर्च म्हणजे जत्रेतल्या बांगड्या, पानसुपारी, पोरांचा खाऊ. हात आखडला की बाई आधी तोच बंद करते. खर्च तपासायला वरून समिती आली तेव्हा थंड खोलीच्या दारात उभं राहून एक साहेब नेमकं तेच बोलले. "घरी आपण काय करतो? वरखर्चच कमी करतो ना आधी?" बाकीचे हसले. मग त्यांनी रशीदभाऊंना विचारलं, "तुम्ही कोणत्या प्रकल्पात?" रशीदभाऊंनी टोपी काढली आणि म्हणाले, "मी मशीनचा हाय, साहेब." पुन्हा सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. रशीदभाऊंनी खरं तेच सांगितलं होतं. त्या दिवशी बाहेर चाळीस डिग्रीच्या वर ऊन होतं आणि साहेब लोक त्या खोलीतून लवकर निघायला तयार नव्हते... ती कोणामुळे गार आहे ते एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढे पत्र आलं. सरकारने हिस्सा कमी केला होता, उरलेला विद्यापीठाने आपल्याकडे ठेवला, आणि ज्याचं नाव कोणत्याच प्रकल्पात नाही त्याने यायचं नाही. मॅडम तीन दिवस फोनवर भांडल्या. शेवटी तुरीच्या प्रकल्पात मदतनिसाची एक जागा निघाली. चौथी पास चालणार होतं. एकच जागा. मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी नावाची जागा कोरी असलेला कागद टेबलावर ठेवला. रशीदभाऊच म्हणाले, "बाईचं नाव लिहा. नवऱ्यानं टाकलेली, तिले कोण हाय? मले आपलं दुकान हाय."

माझं माहेर आर्णीचं. त्यांचं दुकान मला ठाऊक होतं. कैक वर्षांपासून शटर खाली होतं, त्याच्यावर लग्नाच्या बँडची पत्रकं चिकटवलेली होती आणि पुढे रसवंतीची गाडी उभी राहायची. एवढंच बोलायचं होतं मला. मॅडम, भाऊ खोटं बोलून राह्यले. पाच शब्द. मी खाली बघत राहिले. मॅडमनी नाव लिहिलं. माझ्या लाजरेपणाचं सगळ्यांना कौतुक आहे. त्या दिवशी त्याने माझं पोट भरलं आणि दुसऱ्याचं काढून घेतलं.

त्यानंतरही मशीन अडलं की रशीदभाऊंनाच फोन जायचा. दोनदा ते फुकट येऊन गेले. तिसऱ्यांदा फाटकावरच्या शिपायाने अडवलं. यादीत नाव नाही. ते बाहेर स्कूटरवर बसून राहिले आणि मला फोन केला. "बाई, फोन मशीनच्या पोटाले लाव." मी लावला. "हं. आता उजव्या बाजूनं एक फटका मार. अवं, जोरात मार, तुहा नवरा समजून मार!" मी मारला. मशीन सुरू झालं. फोनमधून त्यांचं हसू ऐकू आलं, आणि फाटकाबाहेरूनही.

दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद पडलं ते चार दिवस कोणाला कळलंच नाही. आम्ही दार उघडलं तेव्हा पाणी सुटून पाकिटं भिजली होती, बुरशी येऊन एकमेकांना चिकटली होती. मॅडमनी पुढे ओल्या कागदावर बी टाकून पाहिलं. आठवडा झाला, दोन झाले, अंकुर नाही. त्या बायांपैकी कित्येक आता जिवंत नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा मागायला जाता येत नाही. नवं मोठं मशीन मात्र लगेच मंजूर झालं. मशीनला पैसे मिळतात. ते व्हरांड्यात खोक्यात पडून आहे, कारण जोडून देणाऱ्याचा खर्च कोणत्या नावाखाली टाकायचा ते ठरत नाही.

रशीदभाऊ बासष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये मोटारी उचलत होते. तिथेच भर दुपारी खाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. ते खरंच असेल.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मी रशीदभाऊंच्या घरी, रजियाभाभींकडे गेले. रडून झालं, चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "चल, दुकान दाखवते. विकावं लागनार आता." दोघींनी मिळून शटर वर ढकललं. आत एक लाकडी स्टूल होतं, आणि त्याच्या मागे भिंतीवर, माणूस बसल्यावर पाठ टेकते तेवढ्या उंचीवर, तेलकट काळा डाग. खांद्यांचा आकारसुद्धा कळत होता. भाभींनी त्या डागावर पदराने धूळ झटकली, पण तो पुसला नाही.

"सात साल झाले बंद पडून," त्या म्हणाल्या. "घरी आले तं मले म्हने, बाईचं काम झालं, मी दुकानाचं नाव सांगून सुटलो. मी लई भांडली. म्हटलं, तिचं माहेर इथलंच, तिले का मालूम नसन? तं म्हने, नाही, तिले मालूम असतं तं ते बोलली असती..." भाभी माझ्याकडे वळल्या. "तुले मालूम नव्हतं ना?"

"नाही भाभी," मी म्हटलं. इतकं मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यानेही वळून पाहिलं.