लोखंडाचं चुंबकत्व गेलं तेव्हा

परदेशातल्या एका सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्रावर, मी लोखंडाचा कणभर तुकडा दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरला होता. त्यावर क्ष-किरणांचा झोत पडला की लोखंडाची अणुकेंद्रकं त्यातला थोडा शोषतात आणि किंचित उशिराने परत सोडतात. लोखंड चुंबकीय असेल तर परत येणारे किरण लाटांसारखे कमीजास्त होतात. त्या लाटा पडद्यावर स्वच्छ दिसत होत्या. मी स्क्रू पिळून दाब वाढवत गेले आणि एका टप्प्यावर लाटा नाहीशा झाल्या. उरली नुसती उतरती रेघ. लोखंड तेच होतं, पण त्याचं चुंबकत्व गेलं होतं. असं होतं हे मी वाचलेलं होतं, तरी मी मोजणी पुन्हा एकदा घेतली.

सुट्टीत थळला, आमच्या समुद्रकाठच्या गावी, आल्यावर बाबांना हे सांगितलं. बाबांचा जन्म मासेमारीत गेलेला. जाळं शिवता शिवता ते थांबले.

"पृथ्वीच्या पोटात लोखंड हाय, म्हनून होकायंत्र चालतं ना?"

"लोखंड आहे, बाबा. पण तिथल्या दाबात आणि उष्णतेत ते चुंबक राहूच शकत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग धुक्यात मी कशाच्या भरवशावर बोट आनली?"

आत वितळलेलं लोखंड सतत वाहतं आणि त्या प्रवाहातून वीज निर्माण होऊन चुंबकत्व तयार होतं, हे मी समजावलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"आन वाहायचं थांबलं तर?"

"आपल्या हयातीत नाही थांबत."

बाबा उठले, बोटीवर गेले आणि होकायंत्राचा काटा उत्तर सोडतो का, ते बघत बसून राहिले. जेवायला हाक मारली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.