लांडगा आत आलाच कसा

माझ्याकडे एक फोटो आहे. लोखंडी खांबाला मागच्या पायांनी उलटा टांगलेला मेलेला लांडगा आणि त्याच्या शेजारी काळ्या अबायात, गॉगल लावून, हनुवटी वर करून उभी असलेली एक बाई. ती बाई मी. चाळिशीच्या आतली, दात सगळे स्वतःचे, अक्कल मात्र उसनी. लांडग्याची जीभ बाहेर लोंबते आहे. माझी त्याच दिवशी अशी लोंबून कायमची गप्प झाली असती, तर माझ्या मुलीचं एक वर्ष वाचलं असतं.

ही उसनी अक्कल माझ्या अब्बांची. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात अब्बा नावाजलेले शिकारी. शिकार करून आले की ओट्यावर बसत आणि जंगल कसं ओसाड पडत चाललंय ते सांगत. म्हणत, "कोळसुंदे! कोळसुंद्यांनी भेकरं संपवली. झुंडीने येतात, काही ठेवत नाहीत." कोळसुंदा म्हणजे तांबूस रंगाचा रानकुत्रा. मी आयुष्यात एकही पाहिलेला नव्हता. भेकरं, म्हणजे रानातली छोटी हरणं, मात्र पुष्कळ पाहिली होती, सगळी आमच्या मागच्या दारी, सोललेली. अब्बा हे बोलत तेव्हा त्यांच्या तोंडात भेकराचंच मटण असे. पण मला ते कधी खटकलं नाही. रस्सा फार छान व्हायचा.

लग्नानंतर मी सौदीला गेले ती हे ज्ञान बरोबर घेऊन. नवरा अल खर्जच्या पुढे एका खाजगी मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, कामाला होता. पंप, जनरेटर, पाण्याच्या लाइनी आणि कुंपण ही त्याची खाती. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा मेंटेनन्स सुपरवायझर. कंपनीच्या कॅम्पातल्या आमच्या गाववाल्यांना बायका आणता येत नव्हत्या. आम्हाला मजऱ्याच्या टोकाला दोन खोल्या आणि वर गच्ची मिळाली होती. मुलगी इंडियन स्कूलमध्ये शिकत होती. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची.

मजऱ्याच्या मागे आमच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाने, हरणं पाळली होती. वाळूच्या रंगाची, पोटाखाली पांढरी, डोळ्यांत नुसतं काजळ. मोठी जागा तारेच्या जाळीने बंद केलेली, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच, जाळीचा खालचा भाग जमिनीत गाडलेला. हे सगळं माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. दर शनिवारी सकाळी तो कुंपणाला पूर्ण फेरी मारायचा आणि प्रत्येक खांब हलवून बघायचा. मी म्हणायची, "खांबांशी हात मिळवून झाला असेल तर चहा घ्या." तो हसायचा. त्या माणसाला जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता, मुलीचे मार्क आणि ती जाळी.

तेव्हा निताकतचे, म्हणजे सौदी माणसांनाच आधी नोकरी द्या या सरकारी नियमाचे, दिवस होते. ज्याच्याकडे सौदी माणसं कमी, त्याची कंपनी सरकारी यादीत लाल. लाल झाली की परदेशी माणसांचे इकामे अडलेच. रोज कोणी ना कोणी सामान बांधत होतं. आमच्या कफीलवरही सुपरवायझरच्या जागी सौदी मुलगा घ्यायचा दबाव होता. त्याने नवऱ्याला सांगितलं होतं, "मी थांबवतोय. उन्हाळ्यापर्यंत तरी थांबवीन. तू माझी हरणं सांभाळ." आणि आम्हाला उन्हाळ्यापर्यंतच हवं होतं. मुलगी दहावीला होती, मार्चमध्ये परीक्षा. तेवढी झाली की हाकलून दिलं तरी चालेल, असं आम्ही दोघं जेवताना बोलायचो. थंडीचे तीन-चार महिने काढायचे, एवढंच.

त्या थंडीत हरणं कमी व्हायला लागली.

कफील रियाधला राहायचा, पंधरा दिवसांनी यायचा. त्याचा धाकटा भाऊ मात्र दर शुक्रवारी मित्रांना घेऊन हजर. ससाणे, बंदुका, दोन पिकअप, कॉफीचं सामान. शेकोटीभोवती बसून त्यांची चर्चा चाले आणि जनरेटरपाशी उभा असलेला नवरा ती ऐके. धाकटा सांगे की आजोबांच्या काळात इथून वाळवंटाच्या कडेपर्यंत हरणांचे कळप होते, ते लांडग्याने खाल्ले. दुसरा म्हणे, लांडगा भूक लागली म्हणून मारत नाही, मजा म्हणून मारतो. तिसरा म्हणे, एक लांडगा मारला की एक कळप वाचतो, हे पुण्याचं काम आहे. नवरा हे मला सांगायचा आणि मी टाळी द्यायची. "बघा! कोळसुंद्यांचंच आहे हे. अब्बा काय वेगळं सांगतात?" रत्नागिरीचं शास्त्र अरबस्तानात सिद्ध झालं म्हणून मला केवढा आनंद.

बायकांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीतही, हाच विषय. कफीलच्या आईला सगळ्या खाला म्हणत. ऐंशीच्या घरातली बाई, तंबूत जन्मलेली, हातावर गोंदण. सुना लांडग्याला शिव्या देत होत्या तेव्हा खाला खजुराची बी काढत म्हणाली, "माझ्या बापाच्या वेळीही लांडगे होते. आतापेक्षा जास्त होते. हरणंही होती. तेव्हा फक्त मोटारी नव्हत्या."

सुना गप्प झाल्या. मी गप्प राहायचं तर माझी थोरवी कुठे गेली असती! मोडक्यातोडक्या अरबीत मी म्हणाले, "नाही खाला, लांडगाच. माझे वडील शिकारी आहेत, मला ठाऊक आहे."

खालाने माझ्याकडे बघितलं. "तू लांडगा पाहिलास, हिंदिये?"

"नाही."

"मग खजूर खा."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, म्हातारीला भ्रम झालाय. आज मीही म्हातारपणाकडे चालले आहे आणि नातवंडं माझ्याबद्दल काय म्हणतात ते मला दाराआडून ऐकू येतं.

एका शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, उन्हं कलताना, मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर जाळीच्या आत धूळ उडताना दिसली. पिकअप गोल गोल फिरत होती, पुढे हरणं. बार ऐकू आले. मी काय समजले असेन? मी समजले, आत शिरलेल्या लांडग्याच्या मागे लागले आहेत. शूर मुलं! कपडे खांद्यावर टाकून मी पाच मिनिटं कौतुकाने पाहत उभी होते.

नवरा घरी आला तो बूट न काढताच बसला.

"मारला का लांडगा?" मी विचारलं.

"कुठला लांडगा? धाकटा आणि त्याचे मित्र माझ्याकडून फाटकाची चावी घेतात. 'यल्ला, चावी दे,' एवढंच. जेवणासाठी मारतात आणि बाकीच्यांना पळवून पळवून छाती फोडतात. माद्या पाडसं टाकून पळतायत. आज तिसरा शुक्रवार."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"तुझ्या पोटात राहिलं नसतं. उद्या कफील येतोय. मी त्याला सगळं सांगणार."

मी दार लावून घेतलं. पुढचं माझं भाषण मला अजून पाठ आहे. म्हटलं, "त्याचा सख्खा भाऊ तो. तुम्ही कोण? भावाचं नाव घ्याल आणि संध्याकाळी आपण विमानात. पोरीची दहावी कोण देईल, तो कफील? ते लांडगा म्हणतायत ना? तुम्हीही लांडगा म्हणा. लांडगा काही तक्रार करायला यायचा नाही."

"माझ्या जाळीतून लांडगा येत नाही गो," तो म्हणाला. एवढंच.

"मग येतो असं करा," मी म्हणाले.

योग असा, की त्याच सकाळी धाकट्याच्या मित्रांनी बाहेर माळावर एक लांडगा मारून आणला होता आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे रस्त्याकडेच्या खांबाला उलटा टांगला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावा म्हणून. मी नवऱ्याला ओढत तिकडे नेलं आणि आधी फोटो काढून घेतला, अब्बांना पाठवायला. तो नवऱ्याने काढला, जरा तिरका आहे. लांडग्याचे दात मी जवळून पाहिले. झिजून बुंधे राहिले होते, आज माझे आहेत तसे. पोट पाठीला लागलेलं. तो म्हातारा एखादं कोकरू तरी धरू शकला असता का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मी त्याच्या मानेचे मूठभर केस उपटून रुमालात बांधले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर आम्ही दोघं जाळीच्या मागच्या बाजूला गेलो. नवऱ्याने फावड्याने खालची वाळू उकरली, गाडलेली जाळी वर काढली आणि पक्कड हातात धरून तो एकेक तार बोटाने चाचपू लागला.

"कापा की," मी म्हणाले.

त्याने तार कापली. एक, दुसरी, तिसरी. प्रत्येक तार तुटताना टणकन आवाज व्हायचा आणि तो डोळे मिटायचा. कापलेली टोकं दगडाने ठेचून आम्ही कुरतडल्यासारखी केली. मग मी रुमाल सोडला आणि लांडग्याचे केस तारेत नीट, एकेक करून अडकवले. केसांत गजरा माळताना घेत नसेन एवढी काळजी घेतली. लांब उभी राहून बघितलं आणि म्हटलं, "माशाल्ला, अगदी खरं दिसतंय."

खरंच खरं दिसत होतं. तीच तर गोष्ट. आयुष्यात मी पुष्कळ लबाड्या केल्या, बऱ्याच पकडल्या गेल्या. ही एकच पूर्णपणे यशस्वी झाली.

कफील आला. भावाने त्याला लांडगा दाखवला, नवऱ्याने भोक दाखवलं. कफील गुडघ्यांवर बसला, तारेतले केस दोन बोटांनी काढले, वास घेतला, मान हलवली. त्याला तिळमात्र शंका आली नाही. मग त्याने वर बघून विचारलं, "लांडगा आत आलाच कसा?"

नवरा म्हणाला, "इथून, साहेब."

"ते दिसतंय मला. हे भोक किती दिवस होतं इथे?"

याचं उत्तर आम्ही ठरवलंच नव्हतं. एक दिवस म्हणावं तर महिनाभरातली हरणं कुठे गेली? महिना म्हणावं तर दर शनिवारी फेरी मारणारा माणूस काय करत होता? नवरा कापलेल्या तारेकडे बघू लागला. धाकटा भाऊ शेजारीच होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

कफील ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "सरकार मला रोज सांगतंय, या जागी आपला मुलगा घे. मी त्यांना सांगत होतो की या माणसासारखं कुंपण कोणी राखत नाही. आता काय सांगू?" हात झटकून तो उठला. "खलास."

जानेवारीत आमच्या पासपोर्टवर एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागला. परीक्षेला दोन महिने होते. थांबू द्या म्हणून मी खालाकडे जाऊन रडले. खालाने माझं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मुलगा मला म्हणाला, लांडग्याने खाल्ली, त्या हिंदी माणसाने स्वतः भोक दाखवलं. तूही मला हेच सांगितलं होतंस. आता मी त्याला काय सांगू?" त्या वेळी तिला सगळं सांगता आलं असतं. मी अजून एकदा गप्प बसले. गप्प बसायची वेळ माझी नेहमीच चुकत आली आहे.

विमानात मुलीने विचारलं, "मम्मी, पापा से जाली काटने को किसने बोला?" तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "झोप." ती झोपली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली ती मुंबईपर्यंत.

गावी अब्बांनी तो फोटो चौकटीत घालून ओट्यावर लावला. आल्यागेल्याला दाखवत, "बघा, तिकडेही तेच. लांडगे सगळी हरणं खातात." ओळखीच्या शाळेत मुलीला पुन्हा दहावीला बसवलं, बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी. वर्गातल्या मुली तिला दीदी म्हणत आणि ती घरी येऊन दप्तर भिंतीवर आपटे.

पावसाळा सरता सरता एक फोन आला. नवऱ्याच्या जागेवर घेतलेला सौदी मुलगा. आवाज आनंदी, मोठा. मागच्या विहिरीचा पंप हवा धरतोय, काय करू? नवऱ्याने त्याला सगळं नीट सांगितलं. कुठला व्हॉल्व्ह, किती फिरवायचा, हाताला कशी थरथर जाणवेल. मग सहज विचारलं, हरणं कशी आहेत?

"मस्त!" तो पोरगा हसला. मला इकडे ऐकू येत होतं. "पहिल्याच शुक्रवारी मालकाचा भाऊ चावी मागायला आला. मी दिली नाही. सरळ मोठ्याला फोन लावला, म्हटलं तुझा भाऊ गाडी घेऊन आत जातो. मोठ्याने त्याला झापलं, खलास. आता पाडसं झालीत खूप. तू का नाही सांगितलंस त्याला, सदीक, दोस्ता? तो ऐकतो."

"पंप चालू करून बघ," एवढं म्हणून नवऱ्याने फोन ठेवला. मग हात उघडून बघितला, पक्कड धरायचा तोच हात.

"पाडसं झालीत म्हणे," तो म्हणाला.

मी होय म्हटलं. आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने पाठ करत होती. दहावीचं पुस्तक, दुसऱ्यांदा, या वेळी मराठीतून.