सील बघून पी

कंपनीनं मला बक्षीस म्हणून परदेशी सहलीला पाठवायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी आली, तिकडं कुठंतरी भेसळीची दारू पिऊन पर्यटक मेले म्हणून. झालं! आमचं अख्खं सुदुंबरे गाव मला अक्कल शिकवायला लागलं. जे कधी तळेगावच्या पलीकडं गेले नव्हते, ते सगळ्यांत पुढं.

सर्वांत वरचा आवाज आबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. शेजारच्या हळदीत मांडवामागं मला गाठून ते म्हणाले, "तितं सील बघितल्याबिगर घोटभर पाणीबी पिऊ नगं. परक्याचा काय भरवसा?"

हे सांगताना ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी ग्लासात ओतत होते. आमच्याकडं हळदीला दारू अशीच येते, म्हणजे बायकांना कळत नाही. बायकांना सगळं कळतं. ती कुठून आणली हे मात्र कुणी विचारायचं नसतं, यजमानाचा अपमान होतो.

"आबा, ह्या बाटलीला सील कुठंय?" मी विचारलंच.

"गप बस. घरचं कार्य हाय."

मागच्या वर्षीही घरचंच कार्य होतं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ म्हणाला, डोळ्यांपुढं सगळं धुरकट दिसतंय. दुपारी गेला. परदेशात गेला असता तर चौकशी झाली असती, बातमी आली असती. इथं गावानं एकमतानं हार्ट अटॅक ठरवला आणि तेराव्याला सगळे जेवून गेले.

आबांचा एकुलता एक मुलगा होता तो.