हिरवळीवरचा ट्राउट

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत अरुण खांबेटे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता, आणि कॉलनीत 'मछलीवाला साब' होता. या दुसऱ्या पदवीला काडीचा आधार नव्हता. खांबेट्यांच्या घरात कुणी मासा खाल्लेला नव्हता, आणि रुवैसहून कुठल्याही दिशेला गाडी हाकली तरी नदी लागत नव्हती.

याला कारण मॅक्रे साहेब. हे अरुणचे बॉस. डोंगराळ, पावसाळी, गोऱ्या लोकांच्या एका देशातून ते त्र्याण्णव साली आले, ते दोन सूटकेसी आणि एक लांब नळकांडं घेऊन. नळकांड्यात ट्राउट धरायची काठी होती. ट्राउट हा गार, वाहत्या पाण्यातला मासा. रुवैसला जूनमध्ये नळाच्या पाण्याने हात भाजतो. तेव्हा साहेब संध्याकाळी कॉलनीच्या हिरवळीवर उभे राहून गवतात दोरी टाकत. एकदा अरुण थांबला आणि 'व्हॉट इज धिस, सर?' असं विचारून बसला.

उत्तर सहा वर्षं चाललं.

गळाला आमिष लावून बसून राहणं म्हणजे मासेमारी, अशी अरुणची समजूत. इथे आमिषच खोटं होतं: पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली माशी, फुंकरीनेही उडेल अशी. ती फेकता येत नाही. फेकायची ती जड दोरी. माशी तिच्यामागून जाते. काठी मागे न्यायची, घड्याळात एक वाजतो तिथे थांबवायची, दोरी मागे सरळ होईपर्यंत दम धरायचा, मग पुढे आणून दहावर पुन्हा थांबवायची. 'थांबता येणं हीच खरी विद्या,' साहेब म्हणत. सात वर्षं एकाच ग्रेडवर काढलेल्या अरुणला ती लगेच जमली.

मनगट मुडपू नये म्हणून लेकीच्या, इशिताच्या, केसांचं रबर मनगटाला आणि काठीच्या मुठीला मिळून अडकवलं. हिरवळीवर गळ नको, म्हणून दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा झुपका. निशाण म्हणून बायकोची परात. दुसऱ्या वर्षी झुपका परातीत पडायला लागला. पुढे तर वाळू उडवणारा शमाल वारा सुटलेला असतानाही तो असा उतरे, की परातीला पत्ता लागू नये.

"अहो, कणीक मी कशात मळू?" कुंदा विचारायची. "आणि मासा धरायचा, परत सोडून द्यायचा. मग धरायचाच कशाला?"

"सोडला की पाप नाही लागत."

"पुण्य तरी लागतं का?"

इशिताचं एकच वाक्य: "बाबा, देअर इज नो रिव्हर इन धिस होल कंट्री."

आणि वॉचमन मोहिद्दीन ड्यूटीवर येताना रोज विचारायचा, "साब, मछली मिली?"

"कल, इन्शाल्ला," अरुण म्हणायचा.

साहेबांना एक गोष्ट खुपत असे. "गवतावर दोरी टाकशील तिथे पडून राहते," ते सांगत. "नदी ती ओढून नेते. माशी ओढली गेली की मासा तुला ओळखतो. ते मात्र मला इथे शिकवता येत नाही."

नव्याण्णवला साहेब निवृत्त झाले. काठी अरुणला देऊन गेले. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. "जूनमध्ये आठवडाभर ये. माझे गुडघे संपले. पुढच्या वर्षी नदीत उभं राहता यायचं नाही."

अरुणचं शिक्षण वडिलांनी ठरवलं, लग्न मामाने आणि रुवैस एजंटने. ही न पाहिलेली नदी तेवढी त्याची स्वतःची होती. आपण शिकलो ते पाण्यात चालतं का, एवढंच त्याला एकदा बघायचं होतं.

व्हिसाच्या अर्जावर त्याने प्रवासाचं कारण लिहिलं: ट्राउट मासेमारी.

"स्थळदर्शन लिहा हो," कुंदा म्हणाली. "सगळं जग तेच लिहितं."

"खोटं कशाला लिहायचं?"

"खऱ्यासारखं दिसावं म्हणून."

अबू धाबीला साहेबांच्या देशाच्या वकिलातीत काचेमागे एक चष्मेवाली बाई होती. तिने कारण दोनदा वाचलं आणि म्हणाली, "सांगा."

अरुणने सांगितलं. तरंगती दोरी, बुडती दोरी, तळ्यात काय, नदीत काय. भरात येऊन त्याने बॉलपेन उचललं आणि एक ते दहा करून दाखवलं. दारातला सिक्युरिटीवाला दोन पावलं पुढे आला.

"माझे वडील ट्राउट धरायचे," बाई म्हणाली. "मासा लागतो त्या क्षणी हाताला काय कळतं?"

"काठी उचलायची. दोरी ताणलेली ठेवायची. घाई करायची नाही."

"हे करायचं काय ते झालं. कळतं काय?"

अरुणने बॉलपेन खाली ठेवलं. न मोजलेला आकडा सांगायची त्याला सवय नव्हती.

"किती धरलेत आजवर?"

"एकही नाही."

"पाहिलाय तरी?"

"हो."

"कुठे?"

"सुपरमार्केटात. फ्रीजरमध्ये."

बाई हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त लिहून घेतलं. चार दिवसांनी पासपोर्ट व्हिसाशिवाय परत आला. प्रवासाचं कारण विश्वसनीय वाटत नाही, असं सोबतच्या कागदावर अतिशय नम्र इंग्रजीत लिहिलेलं होतं. कुंदाने तो वाचला. आणि, तिचा मोठेपणा, संध्याकाळी स्वतःच परात हिरवळीवर नेऊन ठेवली.

जूनमध्ये अरुण तिथेच घाम पुसत उभा होता, तेव्हा मोबाइल वाजला.

"मी नदीत उभा आहे," मॅक्रे साहेब ओरडले. "ऐक!"

त्यांनी फोन पाण्याजवळ धरला असावा. मोरीत बादली भरतेय असा आवाज आला. अरुणने तो मन लावून ऐकला.

"सर," तो म्हणाला, "मासा लागला की हाताला काय कळतं?"

साहेब म्हणाले, "ते फोनवर कसं सांगू? ते म्हणजे... होल्ड ऑन! होल्ड ऑन!"

खडबड झाली, फोन खिशात गेला असावा. मग काठीच्या रिळाची किरकिर, पाण्याचा खळबळाट, म्हाताऱ्याची धाप, एक शिवी. आणि लाइन कट झाली.

साहेबांनी थांबायला सांगितलं होतं, म्हणून अरुण फोन कानाला लावून थांबला. बऱ्याच वेळाने त्याने तो खिशात टाकला, काठी एकवर नेली, दम धरला, दहावर आणली.

"साब, मछली मिली?" मोहिद्दीन पोचला होता.

"मिली," अरुण म्हणाला. "लेकिन उधर."

मोहिद्दीनने परातीत डोकावून पाहिलं. झुपका बरोबर मध्यभागी उतरला होता. दोरी गवतावर पडली होती, टाकली तिथेच.