‘होता’ लिहिता न येणारी मुलगी

गेले कित्येक रविवार टकळीने फोनवर एकही राज्य बुडवलेलं नाही, आणि ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

टकळी ही आमची एकुलती एक. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं हे नाव. दूरच्या शहरात विद्यापीठात इतिहास शिकते. एका सत्रात वाळवंटातली व्यापारी गावं, पुढच्या सत्रात बर्फाळ बेटांवरचे दर्यावर्दी, मग भलत्याच खंडातली, भलत्याच शतकातली रोगाची साथ.

“अगं, एक धड देश धर,” मी म्हणायचे.

“आई, मी काय तिथे सून म्हणून जातेय?”

तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. रविवारी तिचा फोन आला की पहिला प्रश्न त्यांचाच. “काय टकळे, या आठवड्यात कोणाचं राज्य बुडवलंस?”

मग ही सुरू. “बाबा, राजा वेढ्यात अडकलाय, धान्य संपलंय, आणि प्रधान फितूर!” जणू शेजारच्या गल्लीतच चाललंय.

“मग पळून का जात नाही तो बावळट?”

“अहो बाबा, तो मेलाय! हजार वर्षं झाली!”

“मग घाई नाही. आधी जेवून घे.”

गेल्या हिवाळ्यात दुकानातच, घासायच्या यंत्रापुढच्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. टकळी आली, तिने सगळं निभावलं, माझ्यापेक्षा कमी रडली आणि परत गेली. शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहायचा होता, एका जुन्या बंदरातल्या काचकारागिरांवर. विषय बाबांनीच सुचवलेला. “राजे पुरे झाले. आता माझ्या भाऊबंदांचं बघ काहीतरी.”

तो प्रबंध तिच्या मार्गदर्शक बाईंनी परत केला.

“काय चुकलं?” मी फोनवर विचारलं.

“व्याकरण.”

मला हसू आलं. “तुझं? व्याकरण?”

पानापानावर तिने लिहिलं होतं, कारागीर भट्टी पेटवतो, काच फुंकतो, दुपारी भिंतीच्या सावलीत पाठ टेकतो. बाईंनी समासात शेरा लिहिला होता, ‘भूतकाळ वापरा. ही माणसं कधीच गेली.’ बाई वाईट नाहीत, सुधारायला मुदतही दिली. ती परवा संपते. प्रबंध गेला नाही तर वर्ष गेलं.

“एक वाक्य सुधारते, आई. ‘तो कारागीर होता.’ पुढे हातच चालत नाही. ‘होता’ लिहिलं की मीच मारल्यासारखं वाटतं. मी सोडून देते गं हे सगळं.”

कोणाला मारल्यासारखं, ते मी विचारलं नाही. विचारलं काय, तर “जेवलीस का?” ती “हो” म्हणाली. तेव्हापासून फोन केला की “ठीक आहे”, “बरं”, “ठेवते”. टकळी, आणि “ठेवते”!

आज दुपारी वीजमीटर बघणारा आला. “साहेब आहेत का?” म्हणाला.

“बाहेर गेलेत,” मी म्हणाले. सहज, भाजी आणायला गेल्यासारखं. दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. कपाटावर त्यांचा चष्मा आहे. त्याच्या काचा मी रोज सकाळी पुसते.

वर मी ‘ते गेले’ लिहिलं खरं. लिहिणं जमलं. तोंडाने मात्र मी ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. टकळीलाही तेव्हा माझ्या दिरांनी कळवलं. आई जे म्हणत नाही, ते लेकीने कागदावर कसं उतरवायचं?

तिच्या खोलीतला दिवा आत्ता चालूच असणार. पुढ्यात ते एकच वाक्य असणार. मी फोन करतेय. जेवलीस का, हे आज विचारायचं नाही. तिने ‘हॅलो’ म्हटलं की आधी मीच म्हणायचं, “टकळे, तुझे बाबा फार चांगले कारागीर होते.” त्यांच्यासाठी ‘होते’. मी म्हटलं, की तिच्या त्या बंदरातल्या माणसासाठी तिला ‘होता’ लिहिता येईल कदाचित.

रडू फुटलं तर फुटू दे. फोन उचल, बाळा.