बर्फाच्या गोळ्याचा डोहाळा

बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की घ्यायची गोळी मी चीक खाऊन पोट दुखलं म्हणून गिळून टाकली. आता हसू येतं. तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती.

उन्हाळ्याचे दिवस. आमच्या भोकरदनकडच्या गावात घरोघर कुरडया चालू होत्या. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजला की दूध-गूळ घालून वाटीभर खायचा, ही रीत. मी भरल्या दिवसांची, पण वाटी सोडून पातेलंच पुढ्यात ओढलं. दुपारी अशी कळ उठली की बाळंतपणाचीच समजून पावडरच्या रिकाम्या डब्यात लपवलेली गोळी काढून मी घटाघटा पाणी प्याले. संध्याकाळपर्यंत ढेकरा आल्या, कळ गेली आणि गोळीही गेली.

ती गोळी साधी नव्हती. गरोदरपणाच्या तपासणीत जालन्याच्या सरकारी दवाखान्यात माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. मग नवऱ्याच्याही. तिथल्या सल्ला देणाऱ्या बाईंनी समजावलं होतं, कळा सुरू झाल्या की आईनं ही गोळी घ्यायची आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला औषध पाजायचं. आजार बाळापर्यंत जायची भीती त्यानं बरीच कमी होते. गाव लांब, वाटेतच बाळंत झाले तर काय, म्हणून गोळी आधीच हातात दिली होती.

घरात हे आम्हा दोघांनाच ठाऊक. सासूला कळलं तर माझं ताट-तांब्या वेगळा होईल, याची मला मरणाची धास्ती. नवरा बँडवाला, लग्नसराईत गावोगाव फुंकत फिरत होता. म्हणजे दुसरी गोळी मलाच आणायची होती, आणि सासू तर मला एकटीला शेजारीसुद्धा सोडत नव्हती.

पण तिची एक दुखरी नस मला सापडली होती. गरोदर बाईचा डोहाळा राहिला की लेकराचा कान फुटतो, यावर तिचा पक्का विश्वास. त्या विश्वासावर मी महिनोन्महिने चैन केली होती. चिंचा झाल्या, पेढे झाले, जावेची हिरवी साडीसुद्धा मी डोहाळ्यात बसवली होती.

"आत्याबाई," मी डोळे अर्धे मिटून म्हणाले, "बर्फाचा गोळा खावा वाटून राह्यला."

"मंग राजूरहून मागवते की."

"राजूरचा न्हाई. जालन्याच्या सरकारी दवाखान्यासमोरचा. लाल."

"अगं, इथवर येईस्तोवर पाणी व्हईल त्याचं!"

"म्हणून तर जायचं म्हणते."

सासूनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून स्वतःही शेजारी बसली. दवाखान्याच्या फाटकाशी गाडा होताच. तिनं दोन गोळे घेतले. माझा मी तिच्याच दुसऱ्या हातात दिला, लघवीला जाऊन येते म्हणाले आणि पोट सावरत आत पळाले.

चिकाची हकिगत ऐकून बाई आधी रागावल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरी गोळी देत म्हणाल्या, "आता खाताना जरा बेतानं. शंका आली तर सरळ इकडे या."

बाहेर आले तर सासूच्या हातात दोन नुसत्या काड्या. ओठ लालभडक.

"तुझा वितळून राह्यला व्हता," ती म्हणाली. "वाया कसा घालवावा?"

दुसरा घ्या म्हणावं, तर एसटीची वेळ झालेली. मला कुठे गोळा हवा होता? हवी ती गोळी मी झंपरात खोचली होती. मी खुशीत गाडीत चढले.

पुढच्या आठवड्यात खऱ्या कळा आल्या. गोळी घेतली, जीप करून जालना गाठलं, मुलगी झाली. सासू मधाचं बोट घेऊन तयारच होती. नर्सनं तिला थोपवून लेकीला औषध पाजलं आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबही नको म्हणून बजावलं. सासू धुसफुसली, पण दवाखान्याच्या हुकमापुढं तिचं चाललं नाही.

लेक चालायला लागली आणि तिचा कान फुटला. पू थांबेना. बाळाची पक्की तपासणी दीड वर्षानंतर, त्याला अजून अवकाश होता. मला वाटलं, संपलं. आजारच आहे हा. मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर सासू पदरानं डोळे पुसत होती.

"माझ्यामुळं झालं. तुझा गोळा म्या खाल्ला."

म्हातारी ते पाप महिनाभर स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती. मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं. आजार, गोळी, चीक, सगळं.

तिनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला आणि म्हणाली, "म्हंजी तुला गोळा नकोच व्हता?"

ताट-तांब्या तिनं वेगळा केला नाही. कानाला औषध आणलं, कान बरा झाला. पण पूर्वी माझ्या ताटात उरलेला घास ती हटकून खायची, तो आता गुपचूप कुत्र्याला जाऊ लागला. मी बघत होते. राग यायचा, त्याहून जास्त रडू यायचं.

तपासणीला तीही आली. बाईंनी तिला उष्ट्यानं, शिवण्यानं काही होत नाही हे समजावलं, आणि मग निकाल सांगितला. लेकीला आजार नव्हता. मी तिथंच फरशीवर बसले.

सासूनं मला दंडाला धरून बाहेर गाड्याशी नेलं. एकच लाल गोळा घेतला, माझ्या हातात दिला आणि पहारेकऱ्यासारखी समोर उभी राहिली.

"खा. माझ्यासमोर खा."

मी रडत रडत अर्धा खाल्ला. दात ठणकले, पुढं जाईना. सासूनं हात पुढे केला.

"दे इकडं. वाया कसा घालवावा?"

आणि माझा तो उष्टा गोळा तिनं तोंडात घातला.