वाळवी नसलेली दारं

आमच्या रामदासपेठेतल्या घराच्या दारांना वाळवी लागलेली नव्हती. हे वाक्य मी अनेक वर्षं मनातल्या मनात म्हणत आलो आहे. दारांना वाळवी लागली असं मी माझ्या सख्ख्या काकांना सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं, कारण पुतण्या आपल्याशी खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ज्या माणसाचं निवृत्तीनंतरचं आयुष्य त्या दारांवर गेलं, त्याच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

काका कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी दाराला हात लावत. एकदा उघडत, एकदा लावत आणि कान देऊन ऐकत. यजमान बिचारा "या, बसा" म्हणत उभा, आणि हे बिजागरीपाशी वाकलेले. मग निकाल लागे. "कोरडी झाली गा. खोबरेल नको टाकू, मशीनचं तेल टाक." एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात मुलाच्या बापाने त्यांना "आपण काय करता?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. आता दारं करतो." गल्लीतली पोरं त्यांना दारवाले काका म्हणत. ते त्यांना आवडायचं.

त्यांनी लग्न केलं नाही. माझे वडील होते तोवर दोघे भाऊ एकत्र राहिले, वडील गेल्यावर काका आमच्यात राहिले. मागची अंगणाकडची खोली त्यांची. घर आजोबांनी बांधलेलं, आत प्रत्येक खोलीला सागवानी दार, मधोमध कोरलेल्या फळ्या, पितळेची मूठ. पण हे सगळं आम्हाला ऐकूनच माहीत होतं. दिसायचा तो ऑइलपेंट, थरावर थर, आणि सगळ्यात वर एक निळा, पोपडे आलेला.

तो रंग उतरवण्याचं काम काकांनी निवृत्त झाल्यावर घेतलं. वर्षाला एक दार. होळी झाली की एक दार बिजागऱ्यांतून निघे आणि व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवं पडे. फुटलेल्या काचेच्या तुकड्याने ते रंग खरवडत. डोक्यावर ओला दुपट्टा, शेजारी माठ. मशीन नको, रंग जाळायच्या दिव्याची आच नको. लाकूड उघडं पडलं की जवसाचं तेल, मग कापडाने घासणं, पुन्हा तेल. रंगाच्या थरांतून घराचा इतिहास निघायचा. "हा बदामी तुह्या मायच्या लग्नातला. त्याच्याखालचा हिरवा पाहून घे, बाबांनी कोण्या सरकारी ठेकेदाराकडून स्वस्तात आणला होता. वर्षभर दवाखान्यात राहिल्यासारखं वाटे."

पावसाळ्यात मात्र ते दारांना हात लावत नसत. जुलैत दारं फुगून अडकायची, मी वैतागून सुताराला बोलावतो म्हणायचो, आणि काका रंधा मारू द्यायचे नाहीत. "आता छाटशील तं उन्हाळ्यात बोटभर फट पडंल. फुगलेल्या दाराशी अन् रागावलेल्या माणसाशी दोन महिने बोलू नाही." मग दोन महिने आम्ही दारांना खांदे मारत फिरायचो.

माझी बायको सुनंदा आमच्या मुलीवरून, मीनूवरून, त्यांना टोमणे मारायची. "काकाजी, तुमची दारं होईस्तोवर मीनूचं लग्न होऊन जाईल."

"मंग होऊ दे ना वं सूनबाई. पोरीले निघायले दार मोकळंच लागते."

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. घाई करून त्यांनी एकदा देवघराच्या दाराला कॉस्टिक सोडा लावला. सागवान काळं पडलं, तव्यासारखं. दुसरा कोणी असता तर त्यावर पुन्हा रंग फासून मोकळा झाला असता. काका आल्या-गेल्याला हाताला धरून ते दार दाखवत. "हे माझं कर्तृत्व. कोणी म्हटलं दारवाले काका हुशार, तं त्याले आधी इथं आणायचं." चूक झाली की ती स्वतःच्या नावाने सांगायची, हा त्यांचा स्वभावच होता. मला तो फार उशिरा उमगला.

दारांवरून आमचे वाद व्हायचे. माझं म्हणणं सरळ होतं. फ्लश डोअर आणा, सपाट असतं, पुसलं की झालं, कुलूप नीट बसतं. मीनूच्या खोलीचं दार तर नीट लागतही नव्हतं, वयात आलेल्या मुलीला ते किती जाचतं हे काकांना कळत नव्हतं. यात मी अगदीच चुकीचा होतो असं आजही वाटत नाही. काका म्हणायचे, "मी जुनं म्हणून ठेव म्हणतच नाही. दार सडलं असंल, किडलं असंल, तं काढ अन् फेक. पण रंग गेला म्हणून दार काहून फेकून राहिला? सदरा मळला म्हणून माणूस फेकते का कोणी?" आणि ते बोलण्यापुरतं नव्हतं. स्वयंपाकघराचं मागचं दार खालून सडलं होतं, ते त्यांनी स्वतः काढून फेकलं आणि तिथे बाजारातलं साधं दार बसवून घेतलं.

म्हणजे जुनं दार काढायला काकांच्या लेखी एकच कारण चालत होतं. ते कारण मी त्यांच्याच तोंडून शिकलो आणि त्यांच्यावर वापरलं.

मीनूचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडची मंडळी घर बघायला येणार होती. मी त्यांच्या नजरेने घर पाहिलं तेव्हा काही दारं उघड्या लाकडाची, काही निळ्या पोपड्यांची, एक काळं, आणि एक व्हरांड्यात स्टुलांवर पालथं. मला लाज वाटली. नेमके त्याच वेळी काका एका जुन्या सोबत्याच्या तेरवीला वर्ध्याला गेले आणि त्याच्या मुलांनी त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं. मी ठेकेदाराला फोन केला. आतली सगळी दारं चौकटींसकट निघाली. रंग उतरवायची राहिलेली निघाली, तशी काकांनी करून ठेवलेलीही निघाली, कारण अर्धी जुनी अर्धी नवी बरी दिसणार नाहीत असं ठेकेदार म्हणाला आणि मी मान डोलावली. लकडगंजातल्या एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन ती घेऊन गेला. सुनंदा एवढंच म्हणाली, "त्यांना विचारायचं होतं." मी म्हटलं, "विचारलं असतं तर झालं असतं का?"

काका आले. हातातली पिशवी खाली न ठेवता सगळ्या खोल्यांतून फिरले. मी मागे मागे. त्यांनी विचारायच्या आत मी बोललो, "काका, वाळवी निघाली. चौकटीपर्यंत गेली होती. सगळीच काढावी लागली."

मला वाटलं होतं ते भडकतील. ते खुर्चीवर बसले. "कोणत्या दाराले?"

"जवळजवळ सगळ्यांनाच."

"मी केलेल्यायले पण?"

"हो."

"एखादा तुकडा ठेवला का गा? पाहिला असता."

"जाळून टाकलं. पसरेल म्हणून."

ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रोज हात फिरवत होतो मी त्यायच्यावर. अन् मले समजलं नाही. घर खाऊन टाकलं असतं गा तुमचं, माह्या भरवशावर. माफ कर बाबू."

त्यांनी माझी माफी मागितली. मी "असू द्या" म्हटलं. याहून हलकं काही मी आयुष्यात बोललो नसेन.

पाहुणे आले, घर छान आहे म्हणाले. लग्न झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका सांगत, "दारांचं माह्याकडे होतं, मीच हयगय केली." काळ्या दाराबद्दल सांगताना ते हसायचे, हे सांगताना हसायचे नाहीत. व्हरांड्यातली स्टुलं त्यांनी उचलून मागे ठेवली. दुसऱ्यांच्या घरी दारांना हात लावणं थांबलं, कोणी मुद्दाम विचारलं तर म्हणायचे, "मले नको विचारू, मले दिसत नाही आता." डोळे त्यांचे ठणठणीत होते. काही महिन्यांनी त्यांनी शहराबाहेर बेसाला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट भाड्याने पाहिला. "तिकडं मोकळी हवा आहे," म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर ते गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. रोज त्यांचा चेहरा बघावा लागत नव्हता.

त्यानंतर दरवर्षी पंख फुटलेली वाळवी दिव्यावर यायला लागली की काकांचा फोन यायचा. "चौकटी पाहून घे गा. खालच्या कोपऱ्यात वाळवीची माती दिसते का पाह्य. माह्यासारखा गाफील नको राहू." मी "पाहतो" म्हणायचो. मीनू बंगळूरला. तिला बाळ झालं तशी सुनंदाही वर्षातले बरेच महिने तिकडे. एवढ्या घरात मी एकटा. दारं सपाट, गुळगुळीत, सगळी एकसारखी, एकाचाही आवाज होत नाही. कुठल्याही दाराकडे पाहून पलीकडे कोणाची खोली होती ते आठवत नाही. न्हाणीघराच्या दाराचा पत्रा खालून सुटून आला आहे आणि मी तो पायाने परत दाबतो.

यंदाचा फोन आला तेव्हा काकांचा आवाज बारीक झाला होता. तेच बोलले, आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या साली मी आठवण द्याले असंन नसंन, तू लक्षात ठेवजो." दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेसाला गेलो.

त्यांच्या त्या घरात मी आधीही गेलो होतो, पण उभ्या उभ्या, फराळाचा डबा द्यायला. या वेळी बसलो आणि पाहिलं. लोखंडी पलंग. प्लास्टिकची खुर्ची. पत्र्याचं कपाट. देव भिंतीतल्या कडप्प्यावर. लाकडाची वस्तू म्हणून नव्हती. पोळपाट-लाटण्यासकट सगळं स्टीलचं. त्यांनीच सांगितलं, "लाकूड ठेवतच नाही मी. मले ओळखू येत नाही, मंग काहून शेजाऱ्याच्या घराले धोका?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माहेरचं जुनं दार दाखवायला बोलावलं होतं, तिथेही ते गेले नव्हते.

मी म्हटलं, "काका, वाळवी नव्हती."

"कुठं?"

"आपल्या घरी. एकाही दाराला नव्हती. तुम्ही केलेली तर जशीच्या तशी होती. मी ती विकली. पाहुणे येणार होते म्हणून काढली, आणि तुम्ही ओरडाल म्हणून वाळवीचं नाव सांगितलं."

 खाली कोणी तरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"एकाही नाही?"

"एकाही नाही."

"अरे, सोयरे येऊन राहिले, मले लाज वाटते, एवढंच म्हटलं असतं," ते म्हणाले. "मी दोन दिवस रुसलो असतो. मंग आलोच असतो ना गा जेवाले."

मी खुर्चीवरून उठून पलंगाशी, त्यांच्या पायाजवळ फरशीवर बसलो. येताना रस्त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "काका, दारांची माफी मागत नाही. दारं कधीतरी गेलीच असती. तुमच्या हाताला लाकूड कळत होतं. ते कळत नाही असं मी तुम्हाला पटवलं आणि इतकी वर्षं पटू दिलं. तुम्ही माझी माफी मागितली, तीही मी घेतली. ती तुमची तुम्हाला परत. चूक माझी होती. मला माफ करा."